ख्रिस्तपुराणांतील धर्मसंज्ञा : शब्द एक, सिद्धांत दोन

इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांतील साष्टी प्रांतीं, रायतूर येथें, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्याचें ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झालें. ग्रंथाची भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपि मात्र रोमन. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्राची कथा असून एकंदर ओवीसंख्या अकरा हजारांच्या घरांत आहे. ग्रंथाच्या भाषासौंदर्याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. प्रस्तुत लेखांत त्यांतील धर्मसंज्ञांचा तेवढाच विचार करावयाचा आहे. कारण ह्या ग्रंथाचा मूळ पाठ कोणता, हा प्रश्न त्या संज्ञांशीं निगडित आहे.

एका नवदीक्षित ब्राह्मणानें आपल्या भाषेंत पुराण असावें अशी इच्छा प्रकट केली व पाद्रीबाबांनीं ती पुरविली, अशी ग्रंथारंभींची योजना आहे. श्रोता पुराणश्रवणांत वाढलेला, तेव्हां त्याच्याशीं बोलावयाचें तें त्याच्याच शब्दांनीं. म्हणून परमेश्वर, वैकुंठ, यमपुरी, पाप, पुण्य, मोक्ष हे शब्द ह्या ग्रंथांत सर्वत्र आढळतात. त्यावरून ग्रंथाचा सिद्धांतही अर्धा हिंदु आहे असें अनुमान काढण्याचा मोह होतो. पण तें अनुमान टिकत नाहीं.

प्रथम पाप हा शब्द घेऊं. हिंदु शास्त्रांच्या मतें पाप हें ज्याच्या त्याच्या कर्माचें फळ. तें जन्मजन्मांतरीं जीवाबरोबर चालतें आणि भोगानें, प्रायश्चित्तानें, ज्ञानानें अथवा भक्तीनें क्षीण होतें. ख्रिस्ती मतें पाप म्हणजे देवाच्या आज्ञेचा भंग. शिवाय आदामाच्या अपराधाचा वारसा प्रत्येक मनुष्यास जन्मतःच लाभतो व तो स्वतःच्या सामर्थ्यानें कोणासही फेडतां येत नाहीं. एका मतांत पूर्वजन्म जें कार्य करितो, तें दुसऱ्यांत पूर्वज करितो.

मोक्षाचेंही तसेंच. आमच्या दर्शनांत मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका. ख्रिस्ती मतांत फेराच नाहीं. जन्म एक, मरण एक, त्यानंतर न्याय आणि अखेरीस देहासह पुनरुत्थान. सुटका आहे ती पापापासून, देहापासून नव्हे. वैकुंठ हें विष्णूचें स्थान. स्टीफन्सच्या ओवींत तें आकाशांतील पित्याचें घर होतें. विष्णु ज्या वैकुंठांतून युगायुगाच्या ठायीं अवतार घेतो, त्याच नांवाच्या लोकांतून येथें देवपुत्र एकदांच उतरतो, आणि तें एकदांच उतरणें हाच त्या धर्माचा पाया होय.

कृपा व भक्ति ह्या बाबतींत दोन्ही मतें पुष्कळच जवळ येतात. स्वबळ अपुरें, देवानें हात दिल्याविना तरणोपाय नाहीं, हा भाव वारकरी संतांच्या श्रोत्यास नवा वाटण्याचें कारण नव्हतें. नीतीच्या प्रांतांतही साम्य मोठें आहे. मोशेच्या दहा आज्ञांतील हत्या, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष व परधनाचा लोभ ह्यांचे निषेध पतंजलीच्या अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ह्या पांच यमांशेजारीं ठेवून पाहावेत. तथापि भेद येथेंही आहे. यमांतील अहिंसा सर्व भूतमात्रांस व्यापते, आज्ञा मनुष्यहत्येपुरती आहे. उलट पक्षीं आमचा स्वधर्म वर्ण व आश्रम पाहून बदलतो, तर दहा आज्ञा राजा व रंक ह्यांना सारख्याच लागू होतात.

ह्यावरून इतकें स्पष्ट होतें कीं स्टीफन्सनें शब्द घेतले ते त्यांत आपला अर्थ भरण्यासाठीं. जेथें देशी शब्दानें घोटाळा होण्याचें भय अधिक, तेथें रोमन लिपींतील पाठांत पोर्तुगीज वा लॅटिन शब्द तसाच ठेवलेला दिसतो; पवित्र आत्मा व बाप्तिस्मा ह्यांच्या संज्ञा ह्या वर्गांत मोडतात.

पाठाचा प्रश्न येथेंच उद्भवतो. १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. जोसेफ साल्दान्हा ह्यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींतील पाठ छापला तो हस्तलिखितांवरून. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. लंडन येथील मार्स्डेन संग्रहांत एक देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अ‍ॅबट ह्यांनीं १९२३ मध्यें त्याचा परिचय करून देतांना त्यास मूळ पाठ म्हटलें. त्यांत रोमन पाठांतील परकीय संज्ञांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आढळतात. हे शब्द कर्त्याचे, कीं मागाहून कोणी घातलेले? १६०८ च्या पत्रांत ह्या देशाच्या लिपींत ग्रंथ छापण्याची आपली इच्छा सांगून, अक्षरांचे सुमारें सहाशें सांचे लागतील ही अडचणही स्टीफन्सनेंच नोंदविली आहे. रोमन लिपि ही त्याच्या आवडीची नव्हती एवढें ह्यावरून ठरतें. परंतु त्यानें स्वतः देवनागरी प्रत सिद्ध केली होती हें त्यानें सिद्ध होत नाहीं. वर दाखविल्याप्रमाणें प्रत्येक संज्ञेमागें सिद्धांत उभा असल्यामुळें, शब्द बदलणारा हात कोणाचा ह्यावर स्टीफन्सचें धोरणच अवलंबून राहतें.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. ख्रिस्तपुराणाचें एखादें सुटें पान जरी हातीं आलें, तरी केवळ कथाभाग व ओवीसंख्या टिपून थांबूं नये. देव, आत्मा, पाप व संस्कार ह्यांच्या संज्ञा अक्षरशः उतरून घ्याव्या, खाडाखोड व समासांतील शब्द नोंदावे, लिपि व कागद ह्यांचें वर्णन द्यावें. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें त्यांत एकही अक्षर सुधारूं नये. वरील प्रश्नाचा निकाल तर्कानें लागणार नाहीं. तो अशा पानांच्या तुलनेनेंच लागेल.