अँथ्रासाईट आणि डेव्हिड टॉमस

शेगडीला वारा घातला म्हणजे निखारे फुलतात, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु भात्याचा वारा लागतांच फुलण्याऐवजीं विझूं लागणारा असाही एक दगडी कोळसा आहे. त्याला अँथ्रासाईट म्हणतात. कठीण, चकचकीत आणि बव्हंशीं निव्वळ कार्बनाचा असा हा कोळसा एकदां धगधगला म्हणजे प्रखर व जवळजवळ निर्धूर आंच देतो; पण पेटावयास मोठा हट्टी. त्याचा हा हट्ट मोडून अमेरिकेंतील लोखंडाच्या धंद्याला ज्यानें नवें वळण लावलें, त्या डेव्हिड टॉमस नांवाच्या वेल्श कारागिराची हकीकत आज सांगावयाची आहे.

टॉमसचा जन्म ३ नोव्हेंबर १७९४ रोजीं वेल्समधील नीथ गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. सतराव्या वर्षीं तो नीथ अ‍ॅबी येथील लोखंडाच्या कारखान्यांत शिरला. यंत्रांची जोडणी करणें आणि भट्टी सांभाळणें, हीं दोन्ही कामें तो तेथें शिकला. १८१७ मध्यें इनिस्केडविन येथील भट्ट्यांची देखरेख त्याच्याकडे आली. या कारखान्याच्या आसपास अँथ्रासाईट विपुल होता. परंतु भट्टीसाठीं कोक मात्र दुरून आणावा लागे. जवळ सरोवर असून तहान भागूं नये, तशी ही स्थिति होती.

याचें कारण काय? खनिजापासून लोखंड गाळावयाचें तर झोतभट्टींत खालून सतत हवा सोडावी लागते. अँथ्रासाईट घट्ट विणीचा आणि त्यांत जळाऊ वायु थोडा. त्यामुळें थंड हवेचा झोत त्याला पेटविण्याऐवजीं त्याचीच उष्णता वाहून नेई. १८२८ मध्यें स्कॉटलंडांतील नीलसन यानें भट्टींत सोडावयाची हवा आधीं तापविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. तेथें ती कोळशाची बचत करण्यासाठीं वापरली जाई.

एके संध्याकाळीं टॉमस आणि कारखान्याचा मालक जॉर्ज क्रेन हे शेकोटीपाशीं बसून या युक्तीविषयींचें टिपण वाचीत होते. शेकोटींत अँथ्रासाईटच जळत होता. क्रेननें भाता उचलला, तेव्हां टॉमसनें त्याला थांबविलें. वाऱ्यानें विस्तव विझेल, हें त्याला ठाऊक होतें. परंतु हाच वारा नीलसनच्या झोतासारखा तापलेला असेल तर हा कोळसा चिडाच्या लाकडासारखा जळेल, असें तो पुढें म्हणाला. क्रेननें ती कल्पना तात्काळ उचलली. टॉमस स्कॉटलंडला जाऊन परवाना घेऊन आला, आणि ५ फेब्रुवारी १८३७ रोजीं इनिस्केडविनची भट्टी अँथ्रासाईटवर यशस्वी रीतीनें चालू झाली.

ही वार्ता अमेरिकेंत पोंचली. पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत अँथ्रासाईटचे अफाट सांठे होते. तरीही तेथील लोखंड बहुतेक लोणारी कोळशावर, म्हणजे अरण्यें तोडून, गाळलें जाई. लेहाय नदीकांठच्या कंपनीच्या वतीनें अर्स्किन हॅझर्ड वेल्सला आला आणि १८३८ च्या अखेरच्या दिवशीं त्यानें टॉमसशीं करार केला. चव्वेचाळिसाव्या वर्षीं देश सोडण्यास टॉमसचें मन सहज तयार नव्हतें. परंतु मुलांना त्या देशांत अधिक वाव मिळेल, या विचारानें तो निघाला. जून १८३९ मध्यें तो न्यूयॉर्कला उतरला.

अडचण यंत्रांची आली. हवा कोंडणारीं दोन सिलिंडरें पांच फूट व्यासाचीं. जहाजाच्या तोंडांतून तीं आंत जाईनात, म्हणून इंग्लंडांतच राहिलीं. एवढीं मोठीं सिलिंडरें आंतून कातणारें यंत्र अमेरिकेंत नव्हतें. अखेर फिलाडेल्फियाच्या एका कारखान्यानें आपलें कातकाम-यंत्रच वाढवून तीं तयार केलीं. ४ जुलै १८४० रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, कॅटासॉक्वा येथील भट्टींतून पहिलें लोखंड वाहिलें. आठवड्यास सुमारें ५० टन लोखंड तेथें निघूं लागलें.

मग हा शोध टॉमसचाच काय? न्यायानें बोलावयाचें तर हवा तापविण्याची युक्ति नीलसनची. ब्रिटनमधील अँथ्रासाईट-लोखंडाचें पेटंट क्रेनच्या नांवाचें. अमेरिकेंतही गाइसनहायनर यानें १८३३ मध्यें अशाच रीतीचें पेटंट घेतलें होतें, आणि पॉट्सव्हिल येथील भट्टी टॉमसच्या आधीं, १८३९ मध्येंच, अँथ्रासाईटवर पेटली होती. तरी अमेरिकेंतील या धंद्याचा जनक म्हणून टॉमसचेंच नांव घेतलें जातें, तें त्यानें ही रीति कायमची रुजविली म्हणून. प्रयोग एकदां साधणें निराळें, आणि तीच गोष्ट रात्रंदिवस, वर्षानुवर्षें, भरपूर प्रमाणांत व परवडेल अशा खर्चांत चालू ठेवणें निराळें. या दुसऱ्या कामाला भट्टीशेजारीं उभें राहून कमावलेलें ज्ञान लागतें.

१८५४ मध्यें टॉमस आयर्न कंपनी स्थापन झाली. १८५५ पर्यंत अँथ्रासाईटवरील लोखंडानें लोणारी कोळशावरील लोखंडास मागें टाकलें. पुढें कोकचें युग आलें आणि १८७५ मध्यें अँथ्रासाईटही मागें पडला. टॉमस २० जून १८८२ रोजीं निवर्तला. कारागिराची कीर्ति शोधकापेक्षां लवकर पुसली जाते. परंतु कल्पनेला दररोजच्या उपयोगाचें रूप देणारे हात नसते, तर कित्येक शोध पेटंटाच्या कागदावरच राहिले असते.