खडी जाते कुठे?

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या मातीतला एखादा पाणंद रस्ता डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात खडी टाकली, दोन पावसाळे गेले, की पुन्हा चिखल. पोरं शाळेत जाणार कशी, बाळंतीण दवाखान्यात पोचणार कशी? आपण म्हणतो, खडी वाहून गेली. कधी ती मुळात आलेलीच नसते, ते सोडा. पण आलेली खडी बहुतेक तिथेच असते. चाकाच्या दाबानं ती भिजलेल्या मातीत रुतते आणि खालचा गाळ तिच्या फटींत चढतो. खडीचं खडीशी घर्षण हीच अशा रस्त्याची ताकद. मध्ये गाळ शिरला की ती गेली. नष्ट होणं आणि मिसळून जाणं यांत आम्ही तत्त्वज्ञानवाले फरक करतो. इथे तो फरक पैशांचा आहे.

दोहोंच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं कापड अंथरलं, की मिसळणं थांबतं.

दुसरं काम जरा सूक्ष्म आहे, बरं का. चाकाखालची खडी नुसती खाली दबत नाही, बाजूलाही सरकू पाहते आणि खालच्या मातीला सोबत बाहेर ओढते. मातीच्या ताकदीचा बराच भाग या आडव्या ओढीत खर्ची पडतो. कापड ही ओढ स्वतः पेलतं; जिओग्रिड म्हणजे जाळी असेल, तर तिच्या भोकांत खडी अडकूनच बसते. जिरू आणि हान यांच्या २००४ च्या पद्धतीत मऊ मातीच्या कातरबलाला नुसत्या खडीखाली ३.१४ ने गुणतात, कापड असेल तर ५.१४ ने, जाळी असेल तर ५.७१ ने. माती तीच, पण भार पेलते दीडपटीहून जास्त! म्हणून खडीचा थर पातळ चालतो.

कापड झोळीसारखं ताणून वजन उचलतं, हे चित्र विक्रेत्यांना फार आवडतं. पण झोळीला आधी खाली यावं लागतं. म्हणजे खोल चाकोरी पडल्यावरच हा गुण दिसतो, आणि तोवर रस्ता राहिला कुठे?

आणि गटार? ते हवंच, पाणी तुंबलं तर कापड काय करणार! अंथरताना पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, माती मऊ तितक्या जास्त. उघड्या कापडावर ट्रॅक्टर घालायचा नाही. टाकलेल्या खडीवरूनच पुढे खडी लोटत जायचं. गुंडाळ्या मात्र उन्हात पडू देऊ नका, ऊन हे कापड खातं.