वापर-पुस्तिका तपासणारी माणसं

संगणकावर अर्ज टाईप करायचा, दूध संस्थेचा हिशेब मांडायचा, सभेत दाखवायला चार तक्ते जुळवायचे. ही सगळी कामं करणारं लिब्रेऑफिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट हा त्याचा धाकटा गुण. थोरला गुण हा, की ते आतून कसं बांधलं आहे हे कुणीही पाहू शकतो, बदलू शकतो आणि बदललेलं दुसऱ्याला देऊ शकतो. याला मुक्त स्रोत म्हणतात. आज मी बोलणार आहे ते हे सॉफ्टवेअर वापरायचं कसं हे सांगणाऱ्या पुस्तिकांविषयी, आणि त्याहून जास्त त्या तपासणाऱ्या माणसांविषयी.

आधी थोडी वंशावळ. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा मूळ आराखडा जगाला खुला केला. ते ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली, तेव्हा बरेच स्वयंसेवक बाहेर पडले. त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढून लिब्रेऑफिस सुरू केलं.

याच्या प्रत्येक भागाची वेगळी जाडजूड पुस्तिका आहे. मजकुरासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, आणि अगदी नवख्यांसाठी एक निराळी. लिहिणारे बहुतेक स्वयंसेवक, देशोदेशी पसरलेले. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून साधारण दोनदा येते. यादीतलं एखादं नाव बदलतं, एखादं बटण दुसऱ्या कोपऱ्यात जातं, आणि काल बरोबर असलेली पायरी आज चुकीची ठरते. त्यामुळं या पुस्तिका कधी पुऱ्या होतच नाहीत.

वडगाव मावळला राहणारी माझी भाची अशा एका प्रकरणाच्या तपासणीला बसली, तेव्हा मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. मला वाटलं, मुद्रितं तपासण्यासारखंच असेल. ती म्हणाली, "मामू, नुसतं वाचू नका. लिहिलंय तसं करत जा." एका खिडकीत प्रकरण, दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअर. प्रत्येक वाक्य वाचायचं आणि हातानं करून पाहायचं. बटण त्याच जागी आहे का? नाव अक्षरशः तेच आहे का? पडद्याचं चित्र जुन्या आवृत्तीचं तर नाही? दोन पायऱ्यांमध्ये एक गृहीत धरून गाळलेली तर नाही? ही शेवटची चूक सगळ्यांत चिवट, कारण जाणकाराला ती दिसतच नाही. त्याची बोटं ती पायरी आपसूक करून मोकळी होतात. म्हणून या कामात थोडा अडाणीपणा हे भांडवल आहे, आणि माझ्याकडं ते भरपूर होतं.

केलेली दुरुस्ती लपत नाही. बदल नोंदवण्याची सोय चालू ठेवलेली असते. खोडलेला शब्द खोडलेलाच दिसतो, नवा रंगात दिसतो, शंका समासात. मग दुसरा कुणी भाषा बघतो, तिसरा मांडणी. आमच्या गझलेच्या वर्तुळात उस्तादानं शागिर्दाचा शेर दुरुस्त करण्याला इस्लाह म्हणतात. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' नावाची छोटी पुस्तिका लिहिली आणि ती नव्या कवींना टपालानं पाठवली. तीही वापर-पुस्तिकाच की! फरक इतकाच, की इस्लाह दोघांतली गोष्ट, उस्तादाचं नाव शेरावर येत नाही. इथं मात्र सुरुवातीच्या पानावर लिहिणाऱ्यांबरोबर तपासणाऱ्यांचीही नावं असतात, आधीच्या आवृत्तीतल्यांसकट. आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, दार करणारा सुतार सामी याचंही नाव आहे, त्याची आठवण झाली.

आता आपल्या घरचा प्रश्न. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरांचा टाईप ठरवायच्या जागा तीन: एक रोमन लिपीसाठी, एक चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी, आणि तिसरी देवनागरी, अरबी यांसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. शैली ठरवताना पहिल्या चौकटीत टाईप बदलला, तर इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी ढिम्म हलत नाहीत. तिसरी चौकट दिसत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. मूळ पुस्तिका इंग्रजीत, उदाहरणं इंग्रजीत. इंग्रजी मजकुरावर पायरी तपासणाऱ्याला ती बरोबरच निघते. ती अपुरी आहे हे दिसतं मराठीत अर्ज लिहिणाऱ्याला. तो तपासायला बसलाच नाही, तर त्याची अडचण पुस्तिकेत यायची कुठून?

मराठीत काम झालेलं नाही असं नाही. लिब्रेऑफिसच्या याद्या मराठीत दिसू शकतात. त्यामागं पुण्यातल्या मंडळींचे कष्ट आहेत. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषांतरकारांच्या पुढाकारानं २००८ च्या सुमारास 'फ्यूएल' हा उपक्रम सुरू झाला. संगणकावर वारंवार येणारे शब्द भारतीय भाषांत एकसारखे असावेत, म्हणून माणसं एकत्र बसून एकेक शब्द घोळवत. शब्दांवरून वाद आपल्याला नवा नाही. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झालीच होती. माझं मत विचाराल, तर 'जतन करा' हा सुंदर शब्द आहे, तो रुळला. 'धारिका' मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकली नाही. फाइल म्हणावं आणि पुढं जावं.

पण यादीतले शब्द मराठी झाले म्हणून पायऱ्या समजत नाहीत. त्यासाठी सलग वाक्यं लागतात. या पुस्तिकांचा परवाना तशी मुभा देतो: मूळ लेखकांचं श्रेय राखा, आणि भाषांतर करा, कापा, वाढवा, वाटा. भाचीनं त्यातून आठ पानांचं मराठी टिपण केलं आहे. तपासायला तिनं जाणकार बोलावला नाही. कामशेतच्या बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंना बसवलं. त्या तिसऱ्या पायरीला अडल्या. तिथं 'रकाना निवडा' असं लिहिलं होतं, आणि निवडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. ती पायरी आता नव्यानं लिहिणं चालू आहे.