टनेज वाढले, उतारा पडला : ताटातल्या धान्याचा



उसाला पाणी आणि युरिया सढळ हाताने दिला की टनेज वाढते आणि उतारा पडतो, हे तुम्हांस मी सांगायला नको. नेमके तेच आपल्या ताटातल्या धान्याचे झाले आहे.

“पूर्वीच्या भाकरीत कस होता, रासायनिक खतांनी तो घालवला,” असे पारावर नेहमी ऐकू येते. कस कमी झाला हे खरे, कारण मात्र निराळे आहे. इंग्लंडात रॉथमस्टेड येथे एकाच शेतात १८४३ पासून गहू घेतात आणि त्याचे नमुने जपून ठेवतात. त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. १९६५ च्या सुमारापर्यंत गव्हातले जस्त आणि लोह जवळजवळ स्थिर होते. मग बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जाती आल्या आणि दोन्ही घसरू लागले. जमिनीतले जस्त-लोह तर घटलेच नव्हते. गंमत अशी की, शेणखताच्या पट्टीत घसरण तशीच आणि बिनखताच्या पट्टीतही तशीच!

आपल्याकडे बंगालमधील बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालयाच्या शास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या जाती एकत्र वाढवून पाहिल्या. २०२१ च्या त्यांच्या अहवालात १९६० च्या दशकातल्या गव्हात किलोला ३३ मिलिग्रॅम जस्त आहे, तर २०१० च्या दशकातल्या गव्हात साडेतेवीस. दाण्यात पिठूळ भाग वाढला, मुळांनी ओढलेले जस्त त्या मानाने वाढले नाही. ताक तेवढेच, पाणी जास्त.

म्हणून जुन्या जातींकडे परत चला, असे मी मुळीच म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे गावोगाव आहेत, त्यांना विचारा. पण उसाबरोबर बांधावरची तूर गेली, मटकी गेली, परड्यातला राजगिरा गेला, हे आपलेच काम. आणि आपण पिकवतो त्या साखरेत ना लोह, ना जस्त. कारखान्याचा नोकर असूनही हे लिहितो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याला एकटे धान्य जबाबदार नाही. जंत आहेत, लागोपाठची बाळंतपणे आहेत. तरी पण उसावर केवडा दिसला की आपण त्याच दिवशी हिराकस फवारतो. लागणीला हेक्टरी २५ किलो हिराकस, २० किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून घालतो. घरची सून पांढरीफटक पडली तर मात्र “होईल बरी”!

सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी म्हणजे औषधी दर्जाचे फेरस सल्फेटच, आपल्या हिराकसाचे शुद्ध भावंड. (पोत्यातले कोणी खाऊ नये!) गरोदरपणी रोज एक याप्रमाणे १८० दिवस ती फुकट मिळते. चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही; लिंबू पिळलेले पाणी चालते. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये.

उलट, दारोदार फिरून विकले जाणारे ताकदीच्या पावडरीचे महागडे डबे सर्वांना सरसकट कशाला? माती परीक्षणाशिवाय खत नको म्हणतो, तसे रक्त तपासल्याशिवाय टॉनिक नको. धडधाकट गड्याने उगाच लोह खाणे बरे नव्हे.

शेतातही उपाय आहे. राहुरीच्या विद्यापीठाची ‘धनशक्ती’ बाजरी मुद्दाम लोहासाठी निवडलेली आहे, किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम. ती संकरित नाही, म्हणजे दरवर्षी बी विकत घ्यायला नको. परभणीची ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ ची. तिच्यात लोह आणि जस्त दोन्ही जास्त. पूर्वहंगामी लागणीचे रान खरिपात मोकळेच असते. त्यात दहा-पंधरा गुंठे बाजरी अडीच-तीन महिन्यांत निघते आणि लागण ऑक्टोबरात वेळेवर होते. पीठ चाळून कोंडा टाकू नये.

बियाण्याची मागणी मेअखेर आपापल्या गट ऑफिसात नोंदवावी. गुंठे किती, तेही लिहावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते