वैमानिकाला गणित कशाला?

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या अहमदपूरसारख्या गावात दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच एक निर्णय घेऊन टाकतो. ‘नीट’ द्यायची, मग गणिताचे ओझे कशाला? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र ठेवायचे आणि गणिताऐवजी दुसरा विषय घ्यायचा. डॉक्टर होण्यासाठी यात काही बिघडत नाही. पण त्याच विद्यार्थ्याला पुढे हवाई दलात विमान चालवावेसे वाटले, तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हवाई दलाची वाट त्याला बंद असते. तिथे बारावीला भौतिकशास्त्र व गणित दोन्ही लागतात. पदवीनंतर उड्डाण शाखेत जायचे म्हटले, तरी बारावीचे हे दोन विषय पुन्हा पाहिले जातात.

ही अट केवळ चाळणी म्हणून घातलेली नाही. एक उदाहरण पाहू.

विमानाला वळायचे असेल तर ते एका बाजूला कलते. पंखांवरचे उत्थापक बल विमानाला लंब असते, त्यामुळे तेही कलते. त्याचा उभा घटक वजन तोलतो आणि आडवा घटक अभिकेंद्री बल पुरवतो. कल थ अंश असेल, तर उत्थापक बल = वजन ÷ कोज्या थ. कल ६० अंशांचा असल्यास कोज्या ०.५, म्हणजे बल वजनाच्या दुप्पट हवे. ५० किलोच्या वैमानिकाला आपण १०० किलोचे झालो असे वाटते. यालाच २ जी म्हणतात.

आता वळणाची त्रिज्या काढू. ती वेगाचा वर्ग ÷ (जी × स्पर्शज्या थ) इतकी येते. ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेग आणि ६० अंश कल धरला, तर त्रिज्या सुमारे ३.७ किलोमीटर! वेग निम्मा केला की ती एक-चतुर्थांश होते. वेग कमी न करता वळण आवळायचे, तर कल वाढवावा लागतो. साधारण ७५.५ अंशांवर त्रिज्या १.६ किलोमीटर होते, पण बल ४ जी होते.

इथे जीवशास्त्र येते. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून मेंदू सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. एवढा रक्ताचा स्तंभ उचलायला एरवी पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटर इतका दाब खर्ची पडतो. ४ जी असताना तोच ९२ होतो, आणि हृदयाजवळचा सरासरी रक्तदाब असतो ९५ च्या आसपास! आधी दृष्टी धूसर होते, मग शुद्ध हरपते. म्हणून वैमानिक पाय व पोट आवळणारा हवेचा पोशाख घालतात आणि स्नायू ताणून धरतात. वर्गात हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. त्रिकोणमिती ‘कुठे उपयोगी पडते’ हा प्रश्न मग फारसा येत नाही.

प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात. अडीच तासांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण वजा. उरलेल्या ६०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत २०० गुण इंग्रजीचे आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले माझ्या मते गणितापेक्षा इथेच मागे पडतात. लेखीनंतर निवड मंडळाची मुलाखत व चाचण्या, त्यांनाही ९०० गुण. मुलींना ही परीक्षा २०२१ पासून खुली आहे.

तयारीची सोय मराठवाड्यातच आहे. राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचे औरंगाबाद) मुलांसाठी चालते. मुलींसाठी तशी संस्था आता नाशिकला आहे. प्रवेश दहावीनंतर, म्हणजे माहिती नववीतच पोचायला हवी. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. तिथे शिकलेले प्रदीप नाईक २००९ मध्ये हवाई दलप्रमुख झाले.

वैमानिकासाठी संगणकावरची एक वेगळी अभिक्षमता चाचणी असते. हात, डोळे व लक्ष यांचा मेळ पाहणारी ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. शिवाय पायांची लांबी मोजतात, कारण विमानातले पायटे ठरावीक अंतरावर असतात. रंगांधळेपणा चालत नाही, आणि तो असलेल्या मुलाला बहुधा स्वतःला त्याची कल्पनाच नसते. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखण्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. ती अकरावीचे विषय निवडण्यापूर्वी करून घ्यावी.