वारसाचं घर (भाग ६) : शेजाऱ्याची हरकत

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या बँका आणि संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी माणसांना गावचं घर विकायचं तर फोन दुपारच्या सुट्टीतच करावे लागतात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे जेवणाची वेळ होते तेव्हा इथे तालुक्याच्या कचेरीत नुकतं काम सुरू झालेलं असतं. वारसनोंद आणि भावंडांची संमती यांबद्दल मागच्या भागांत लिहिलं. ते सगळं जमल्यावरही व्यवहार अडतो, तो शेजाऱ्यापाशी.

हा शेजारी कोण, ते आधी नीट पाहा. आपले जुने वाडे वाटण्यांनी फुटलेले आहेत. मधल्या भिंतीपलीकडे राहतो तो अनेकदा चुलतभाऊच असतो. आजोबांच्या वाटणीत बोळ कुणाचा, आड कुणाचा, पागोळीचं पाणी कुठे पडायचं, हे तोंडीच ठरलेलं. भांडण भिंतीवरून दिसलं तरी मूळ त्या वाटणीत असतं, आणि ती वाटणी ज्यांनी पाहिली ती माणसं आता नाहीत. म्हणून वकिलाच्या नोटिशीआधी जुनी वाटणीपत्रं, खरेदीखतं आणि त्यांतल्या चतुःसीमा शोधा. घरातल्या ट्रंकेत नसतील तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नोंदणीकृत दस्ताची नक्कल मिळते.

सिंगापुरात सरकारी नोंदवहीत नाव असलं की मालकी पक्की, कारण तिथे नोंदीमागे सरकारची हमी असते. आपल्याकडे तसं नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका खरी मानली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. गावठाणातल्या अनेक घरांना तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच आधार होता, आणि तो कर आकारणीचा कागद आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. २०२० पासून स्वामित्व योजनेत ते काम देशभर चालू आहे. तुमच्या गावचं गावठाण मोजून सनद तयार झाली असेल तर ती पहिल्यांदा हातात घ्या.

माझं ठाम मत आहे की मोजणी झाल्याशिवाय गिऱ्हाईक घरात आणूच नये. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकांना रीतसर नोटीस जाते. शेजारी आला नाही किंवा त्यानं सही नाकारली, तरी तेवढ्यानं मोजणी थांबत नाही. तसा पंचनामा होतो आणि हद्दीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, मिळते. शेजाऱ्याला ती मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागण्याची वाट त्याला मोकळी आहे. मग तोंडी कुरकुरीला गिऱ्हाईक घाबरत नाही. मोजणीत तुमचीच पायरी दोन फूट त्याच्या जागेत निघाली, तर ती मुकाट्यानं मान्य करा.

शेजारी सहसा तीन दावे करतात. पहिला : ‘बारा वर्षं जागा आमच्या ताब्यात आहे.’ मुदत कायद्यात १२ वर्षांची तरतूद आहे खरी, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा कब्जेदार स्वतःहून दावाही लावू शकतो असं ठरवलं. पण तो ताबा उघड आणि मालकाच्या हक्काला झुगारून असावा लागतो. किल्ली सांभाळायला दिली, परसात भाजी लावू दिली, एवढ्यानं हक्क तयार होत नाही. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात चाललेल्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं : राखणदार कितीही वर्षं राहिला तरी राखणदारच. परवानगी दिली होती हे दाखवणारं एखादं पत्र, एखादा संदेश जपून ठेवा.

दुसरा दावा : ‘विकायचं तर पहिला हक्क आमचा.’ केवळ शेजार आहे म्हणून असा हक्क देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरवला. सहवारसांची गोष्ट निराळी. सख्ख्या बहीण-भावांना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ खाली अग्रहक्क मिळू शकतो.

तिसरा दावा वाटेचा, आणि तो पुष्कळदा खरा असतो. तुमच्या बोळातून तो २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्कानं ये-जा करत असेल, तर तो हक्क घर विकलं तरी बुडत नाही. तो नव्या खरेदीखतात नोंदवा. मालमत्तेतला मोठा दोष खरेदीदारापासून लपवू नये, असं मालमत्ता हस्तांतरण कायदाही सांगतो. वाट लिहून देतो म्हटल्यावर निम्मे शेजारी नरमतात, कारण नवा मालक बोळ बंद करील हीच त्यांची धास्ती असते.

तरीही तो कोर्टाची धमकी देत असेल तर कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम मिळणं अवघड होतं. महाराष्ट्रात चालू दाव्याची बाधा खरेदीदाराला लागण्यासाठी त्या दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. तिचा शोध आधीच घ्या.

ही कामं दुरून करायची तर मुखत्यारपत्र नुसतं विक्रीचं नको. मोजणीला हजर राहणं, हरकतीला उत्तर देणं, कॅव्हेट, सगळं त्यात लिहा. १६ सप्टेंबर २०२१ पासून सिंगापूरचं अपोस्टील, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी दाखला, भारतात चालतं. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं.

अंतराला कंटाळून निम्म्या भावात त्याच शेजाऱ्याला घर देऊन मोकळे होणारे लोक आहेत. तो विकत घेणार असेल तर अवश्य द्या, पण मोजणी झाल्यावर आणि बाजारभावानं. पुढच्या भागात परदेशस्थ विक्रेत्याच्या रकमेतून कापला जाणारा कर पाहू. तोवर ज्यांच्या घराची मोजणी झालेली नाही त्यांनी या आठवड्यात अर्ज करावा.