वकिलाची फी परवडत नाही? मग कायद्याने तुमच्यासाठी ठेवलेला हा दरवाजा माहिती असायला हवा

समजा, रात्री साडेदहाला फोन वाजतो. धाकट्या भावाला पोलिसांनी उचललंय, उद्या सकाळी कोर्टात हजर करणार. घरात पहिला प्रश्न येतो, "वकील ओळखीचा आहे का कोणी?" आणि लगेच दुसरा, "घेणार किती?"

किंवा समजा, एखाद्या बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलंय. पोटगीचा दावा करायचाय, पण हातात पैसा नाही. शेजारची म्हणते, "कोर्टाची पायरी चढायची म्हणजे खिसा रिकामा करायचा. जाऊ दे."

आणि ती खरंच जाऊ देते.

गंमत म्हणजे, या दोघांनाही वकील मोफत मिळू शकतो. कोणाच्या ओळखीने नाही, तर कायद्याने. पण हे बहुतेकांना माहितीच नसतं. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

वकील "आम्ही फुकट केस लढतो" असा बोर्ड का लावत नाहीत?

आपल्याकडे डॉक्टर मोफत तपासणी शिबिराचा फ्लेक्स लावतात, क्लासवाले पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावतात. वकिलाचा असा फ्लेक्स मात्र दिसत नाही. कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. नियम क्रमांक ३६ तेच सांगतो. पाटी लावायची तर तीही साधी आणि बेताच्या आकाराची. २००८ मध्ये वेबसाइटला परवानगी मिळाली, पण नाव, पत्ता, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करतात, इतक्याच माहितीपुरती. म्हणूनच बऱ्याच लॉ फर्मच्या वेबसाइटवर गेलं की आधी "ही जाहिरात नाही, मी स्वतःहून माहिती घेतोय" अशा अर्थाच्या सूचनेवर क्लिक करावं लागतं.

रील्सच्या जमान्यात हा नियम पुन्हा चर्चेत आला. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने सोशल मीडियावर जाहिरात करणाऱ्या वकिलांना आणि स्वतःला कायद्याचे इन्फ्लुएन्सर म्हणवणाऱ्यांना जाहीर ताकीद दिली होती.

पण त्याच नियमावलीत आणखी एक नियम आहे, क्रमांक ४६. तो सांगतो की ज्याला खरोखर वकिलाची गरज आहे, त्याच्याकडे पूर्ण फी द्यायला पैसे नसले तरी त्याला कायदेशीर मदत मिळायला हवी. गरीब आणि पीडित माणसाला मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे.

म्हणजे मदत करणं कर्तव्य, पण त्याची जाहिरात करायला बंदी. त्यामुळे गावातले कोणते वकील अशी कामं करतात हे सामान्य माणसाला कळतच नाही. ही अडचण सोडवण्यासाठी सरकारने एक यंत्रणा उभी केली. तिचं नाव विधी सेवा प्राधिकरण.

हे सुरू कसं झालं?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत संविधानात कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी सरकारने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं हे कलम सांगतं. पण ते होतं मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारने करावं अशी अपेक्षा, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नव्हतं.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती महाराष्ट्रातल्या एका केसने. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, साल १९७८. आरोपीची शिक्षा हायकोर्टाने १९७३ मध्ये वाढवली होती. तो सुप्रीम कोर्टात पोहोचला चार वर्षांहून जास्त उशिराने. निकालाची प्रत आपल्याला वेळेत मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कोर्टाने त्याची याचिका फेटाळली, पण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे.

पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून केस आली. बिहारच्या तुरुंगांत हजारो लोक खटला न चालताच वर्षानुवर्षं पडून होते. काही जण तर गुन्ह्याला जितकी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ आत होते. माजी पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये यावर लिहिलं. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकील सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं की मोफत वकील हा कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. इथे विषय अपेक्षेवरून हक्कावर आला.

मुंबईच्या तुरुंगातून गेलेलं एक पत्र

महाराष्ट्रासाठी आणखी महत्त्वाची केस म्हणजे शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. शीला बारसे पत्रकार होत्या. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत त्यांना मारहाण झाली. बारसे यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

याच केसमध्ये आणखी एक प्रकार समोर आला. दोन परदेशी महिला कैद्यांच्या वकिलाने फीच्या नावाखाली त्यांच्या दागिन्यांसह बराच ऐवज लाटल्याचा आरोप होता. तुरुंगात असलेल्या माणसाला वकील मिळाला तरी त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर काय होतं, हे त्यातून दिसलं.

कोर्टाने १९८३ मध्ये आदेश दिले. महिलांच्या कोठडीवर महिला पोलीसच हव्यात. आणि अटक झाली की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदेशीर मदत समितीला कळवायचं.

पुढे १९८६ च्या सुकदास केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक पळवाट बंद केली. "आरोपीने वकील मागितलाच नाही," हे कारण चालणार नाही. ज्याला आपला हक्कच माहिती नाही, तो मागणार कसा? वकिलाशिवाय चाललेल्या त्या खटल्यातली शिक्षाच कोर्टाने रद्द केली.

२०१२ मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देतानाही सुप्रीम कोर्टाने हेच पुढे नेलं. आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जातं, त्याच वेळी त्याला वकिलाच्या हक्काची माहिती देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं कोर्टाने बजावलं. सगळ्या देशाचा राग ज्याच्यावर होता, त्याच्याच केसमध्ये हे लिहिलं गेलं. कारण हा हक्क माणूस आवडतो की नाही यावर ठरत नाही.

मोफत वकील नक्की कोणाला मिळतो?

संसदेने १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा केला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. या कायद्याचं कलम १२ यादीच देतं :

- महिला आणि मुलं
- अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- पोलीस कोठडीत, तुरुंगात किंवा सुधारगृहात असलेली व्यक्ती
- मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी
- पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार, औद्योगिक दुर्घटना अशा संकटात सापडलेले लोक
- उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेली कोणतीही व्यक्ती

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे, तर सुप्रीम कोर्टातल्या केससाठी ५ लाख. बाकीच्या गटांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरी करणारी, पगारदार महिलाही अर्ज करू शकते. नवरा किती कमावतो, हा प्रश्न तिथे येत नाही.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. हायकोर्टातल्या केससाठी मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठात वेगळी समिती आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः जिल्हा न्यायाधीश असतात आणि रोजचं काम बघायला सचिव म्हणून एक न्यायाधीशच नेमलेले असतात. म्हणजे हे एखाद्या पुढाऱ्याचं जनसंपर्क कार्यालय नाही.

तिथे जाऊन साध्या कागदावर अर्ज करता येतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. सोबत ओळखपत्र, केसची कागदपत्रं असतील तर ती, आणि ज्या गटातून मदत हवी त्याचा पुरावा. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं मानलं जाऊ शकतं. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. अर्ज नाकारला तर त्यावर अपील करता येतं.

जाणं शक्य नसेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. नालसाच्या वेबसाइटवरही अर्ज करता येतो. माणूस तुरुंगात असेल तर तुरुंगातल्या लीगल एड क्लिनिकमधून अर्ज जातो.

मदत म्हणजे फक्त वकील नाही. कोर्ट फी, नोटिसांचा खर्च, टायपिंग, निकालाच्या प्रती, कागदपत्रांचं भाषांतर हेही त्यात येतं. आणि महत्त्वाचं, प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही मागता येत नाही. मागितला तर त्याच ऑफिसमध्ये तक्रार करायची.

पण फुकटचा वकील चांगला असतो का?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो चुकीचाही नाही. पॅनेलवरचे वकील हे त्याच शहरात प्रॅक्टिस करणारे खासगी वकील असतात. प्राधिकरण त्यांना जी फी देतं, ती बाजारातल्या फीच्या तुलनेत फारच कमी असते. त्यामुळे काही जण मनापासून लढतात, तर काही तारखेला उभे राहण्यापुरते येतात.

कोर्टांनाही हे माहिती आहे. म्हणून २०१९ च्या अनोखीलाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीला कोर्टाकडून दिलेल्या वकिलाचा किमान १० वर्षांचा अनुभव हवा आणि त्याला तयारीसाठी पुरेसा वेळ मिळायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेशातल्या एका केसमध्ये आरोपीची शिक्षा रद्द केली. त्याचं एक मोठं कारण, त्याला नीट कायदेशीर मदत मिळालीच नव्हती.

फौजदारी केससाठी २०२२ पासून एक नवी पद्धत आली आहे. तिला लीगल एड डिफेन्स कौन्सिल सिस्टीम म्हणतात. सरकारी वकील जसा पूर्ण वेळ सरकारची बाजू मांडतो, तसा आरोपीची बाजू मांडणारा पूर्ण वेळ वकील. त्याला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. त्यामुळे "माझी दुसरी केस होती, म्हणून तारखेला आलो नाही" ही सबब कमी होते.

आपल्या वकिलाचं काम पटत नसेल, तर कारण देऊन वकील बदलून मागता येतो. हेही फार जणांना माहिती नसतं.

भांडण कोर्टात न नेता मिटवायचं असेल तर?

हेच प्राधिकरण लोकअदालतही भरवतं. अपघाताची भरपाई, बँकेची थकबाकी, चेक बाउन्स, वीजबिल, नवरा-बायकोतले काही वाद तिथे तडजोडीने मिटतात. झालेल्या निर्णयाला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नसतं आणि आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण अपील नाही, म्हणूनच तडजोडीवर सही करण्याआधी आकडा आणि अटी नीट वाचायच्या. घाई असली तरी तडजोड सक्तीची नाही. मान्य नसेल तर केस पुन्हा कोर्टात जाते.

मग अडतंय कुठे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी. म्हणजे दर चारपैकी तीन जणांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. तुरुंगात असलेला प्रत्येक जण मोफत वकिलाला पात्र आहे, तरी ही स्थिती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा केसचा निकाल देताना सुप्रीम कोर्टाने नेमकं यावर बोट ठेवलं. मोफत कायदेशीर मदतीची यंत्रणा लोकांना माहिती असली तरच तिचा उपयोग. म्हणून पोलीस ठाणी, पोस्ट ऑफिस, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी स्थानिक भाषेत त्याची माहिती आणि हेल्पलाइन नंबर लावा, असं कोर्टाने सांगितलं.

तुमच्या गावच्या एसटी स्टँडवर असा बोर्ड दिसतो का, ते एकदा बघा. आणि दिसत नसेल तर निदान १५१०० हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. साडेदहाला येणारा तो फोन आपल्याच घरी येईल असं नाही. पण ओळखीतल्या कोणाकडे आला, तर "वकील ओळखीचा आहे का?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.